फोमच्या डोळ्यांची माशी

इथेलच्या हाताला कंप सुटला होता, तरी गळाला आमिष म्हणून लावायच्या नकली माश्या बांधायचा हट्ट सुटला नव्हता. आकड्याच्या डोक्याशी पांढऱ्या फोमचे दोन गोल डोळे दोऱ्याने आवळायचे, मागे काळ्या पिसांची शेपटी. जड दोरी तळाला जाते आणि ही माशी तळापासून हातभर वर तरंगत राहते. फक्त दोरी सतत ओढती हवी. थांबली, की ट्राउट मासा आकडा थेट घशात घेतो. आमच्या वेल्समधल्या या तलावात मासा जिवंत परत सोडावा लागतो, आणि घशात आकडा गेलेला मासा जगत नाही.

बायको गेल्यापासून इथेलला या तलावाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मुलीलाही नावेत घेतलं.

"लौरी, हात थांबवू नकोस गं."

"बाबा, चाळिशी आली माझी. किती शिकवाल?"

आणि बाईसाहेबांनी गळाची काठी गुडघ्यांत धरून फोन काढला! फोटो पाठवून होईतो दोरीला हिसका बसला. मासा वर आला तेव्हा कल्ल्यांतून रक्त गळत होतं. सोडला, तर नावेशेजारीच पोट वर करून तरंगायला लागला.

तेवढ्यात तलावाचा रखवालदार गेथिन बोट घेऊन आला.

"माशी कुणाची ही?"

"बाबांनी बांधलीय," लौरी पटकन म्हणाली. खोटं नव्हतं ते, पण म्हणतानाच तिला स्वतःची किळस आली.

"आणि दोरी थांबवली कुणी?"

लौरीने फोन खिशात सरकवला. इथेलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच रे. डुलकी लागली."

"इथेलकाका, तुम्ही? दोरी थांबवायची नाही, हा नियम सगळ्यांच्या डोक्यात तुम्हीच घातलात ना?" गेथिनलाच अवघडल्यासारखं झालं. "परवाना द्या. या मोसमात आता नाही यायचं."

इथेलने टोपीच्या अस्तरातून परवाना काढून दिला. लौरीची मान खाली. तोंड उघडायला एवढा वेळ होता, तरी तिने उघडलं नाही.

धक्क्याला लागल्यावर मात्र तिला राहवेना. "बाबा, मी जाऊन खरं सांगते त्याला."

"आता नको," इथेल नाव बांधत म्हणाला. "निष्काळजी ठरलोय, तेवढं पुरे. आता खोटारडा ठरवू नकोस मला."