गाडी चालती हाय तवर

गाडी बघायला आम्ही तिघं इंदापूरला गेलो होतो. आण्णा, आई आणि मी. डाळिंबाच्या बागेकडेला पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती: पांढरी, डिझेलची, चार मीटरच्या आतली एसयूव्ही. मालक अविराज नावाचा तरुण बागायतदार होता. त्याला याहून मोठी गाडी घ्यायची होती म्हणून ही काढायची होती. त्याने किल्ली पुढे केली.

"काका, चालवून बघा. लोण्यागत पळती."

आण्णांनी किल्ली घेतली नाही. मागचं दार उघडून ते आईला म्हणाले, "बस बघू."

आई बसली.

"आता उतर. हां. परत बस."

"सोयरीक बघायला आणलंय का मला?" आई म्हणाली. "चालून पण दाखवू का?"

अविराज हसला. आण्णा हसले नाहीत. ते कमरेत वाकून आईचे पाय आणि सीट यांच्याकडे बघत होते. आईचे गुडघे वाकत नसत. साध्या कारमध्ये तिला आधी खाली पडल्यासारखं बसावं लागे आणि मग एकेक पाय हाताने आत ओढावा लागे. जीपमध्ये तर चढावंच लागे. हिची सीट नेमकी कमरेच्या उंचीला होती. पाठ लावायची, टेकायचं, वळायचं.

मग आण्णांनी पुढचं दार उघडून पायाशी नजर टाकली. परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "मीटर दाखवतोय त्याच्यापेक्षा जास्त पळालीय. क्लचचं रबर गुळगुळीत झालंय." त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. भरलेल्या गाडीखाली काय काय लपतं ते त्यांना माहीत होतं.

"मग नको घ्यायला."

"सीट चांगलीय," आण्णा म्हणाले.

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शनिवारी असे, बारामतीला. आमच्या कळस गावाहून एसटीने जाणं तोवर निभावलं होतं, येणं निभावत नव्हतं. चार तास यंत्राला जोडलेलं माणूस बाहेर येतं ते पिळून वाळत घातल्यासारखं. एकदा आण्णांनी गावातल्या जोतीरामची जीप सांगितली. परत येताना आईला उलटी झाली. चौकातल्या नळावर जीप लावून जोतीरामने आमच्यादेखत सीट धुतली. आई नंतर एवढंच म्हणाली, "उलटी मागं झालती. त्यानं पुढची सीट बी धुतली." त्यानंतर ती कुणाच्या गाडीत बसली नाही. आणि आण्णांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकायला घेतलं.

गाडीत आईची जागा आण्णांच्या मागे. ज्या हाताला सुया लावत तो डावा, तो दाराला घासू नये म्हणून. त्या सीटवर एक जुनी सुती साडी घडी करून टाकलेली असे, आणि दाराच्या कप्प्यात बडीशेप. मी तेव्हा बारामतीत खोली घेऊन राहत होते, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मंगळवारी दुपारी सुटी टाकून दवाखान्यात गेले की पार्किंगमध्ये आण्णा बोनेट उघडून उभे दिसत. बिघडलेलं काही नसे. "बघून ठेवतोय," म्हणत.

मागच्या वर्षीच्या श्रावणात आण्णा गेले. सकाळी गाडी पुसत होते. फडकं हातात घेऊन पायरीवर बसले ते बसलेच. जलदान विधीला घर भरलं होतं, मग पाहुणे पांगले, आणि मंगळवार आला. मी आईची पिशवी भरली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी न्हाय येत."

मी खूप बोलले. काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. रडून माणसं जे बोलतात तेच. शेवटी ती उठून बसली. तिने माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या गाडीकडे.

"ह्यांनी माझ्यासाठी आणलीया ती. ती चालती हाय तवर येते. ती बसली की मग मला वढू नगंस. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. त्या घडीला मी काहीही कबूल केलं असतं.

खोली सोडून मी कळसला राहायला आले. लायसन होतं, हात बसलेला नव्हता. पहिल्या मंगळवारी मी उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये गेले. मागून आई म्हणाली, "पुढं काढ की. का ट्रॉलीबरोबर काट्यावर जायाचं हाय?"

आण्णांचा मेकॅनिक सुयोग बारामतीत भिगवण रस्त्याला गॅरेज चालवतो. त्याच्याकडे मी जशी जाऊ लागले तशी पूर्वी कधी कुठल्या डॉक्टरकडे गेले नव्हते. क्लचप्लेट बदलली. पुढचे बुश बदलले. बॅटरी बदलली. मीटरवर एक पिवळा दिवा लागायचा. सुयोगने सांगितलं, डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती जळत नाही. "ताई, हिला आठवड्यातनं एकदा मोकळ्या रस्त्याला पळवायची. आण्णा न्यायचे की सोलापूर हायवेला."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही हायवेने इंदापूरपर्यंत जायचो. काम काही नसे. इंदापुरात चहा घ्यायचा, आईला पाणी मोजून असायचं म्हणून तिने माझ्या कपातला एक घोट घ्यायचा, आणि परत. पहिल्या वेळी ती कुरकुरली, "काजळी जाळायला डिझेल जाळायचं, कसलं शहाणपण." पुढच्या रविवारी माझ्याआधी साडी बदलून बसली. एकदा परत येताना दिवा विझला. "गेला बघ," मी म्हणाले, आणि आरशात बघितलं तर ती झोपली होती, तोंड थोडं उघडं, सुयांचा हात मांडीवर उताणा. तो हात काळानिळा गाठीगाठींचा झाला होता. मी वेग कमी केला, आणि मग फिल्टर आठवून पुन्हा वाढवला.

गाडी तेवढी नीट ठेवायची, एवढंच मला कळत होतं. ऑइल वेळेच्या आधी बदलायची. गाडी आण्णांच्या नावावरून माझ्या नावावर करायला चकरा मारल्या. विमा भरला. सुयोग म्हणायचा, "ताई, एवढी तर नवी गाडी पण कुणी बघत नाही." त्याला कबुलीचं ठाऊक नव्हतं.

आमचं घर वस्तीपासून बाजूला आहे. आण्णांनी नोकरीत असतानाच ती जागा घेतली होती. मागच्या भिंतीला लागून आबासाहेबांचा ऊस. थंडीत एके दिवशी कॉलेजातून आले तर रस्त्याकडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यांच्या राहायच्या कोप्या उभ्या राहत होत्या. दुसऱ्या दिवशी कोयते चालू झाले. आई दारात खुर्ची टाकून दिवसभर तोड बघत बसली. संध्याकाळी मागची खिडकी उघडली तर पार कॅनॉलपर्यंत दिसत होतं.

"उजेड आला गं घरात," मी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "आला."

नंतर आबासाहेबांनी रानात उरलेलं पाचट पेटवलं. रात्रभर घरात धुराचा वास होता. पुढचा दिवस मंगळवार. पिशवी भरली, आईला मागे बसवलं, किल्ली फिरवली. मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी जागची हलली नाही. मी पुन्हा फिरवली. पुन्हा. मागून आईचा हात माझ्या खांद्यावर आला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

सुयोग दुपारी आला. त्याने बोनेट उघडलं. इंजिनावर उसाच्या पाचटाचं घरटं होतं, आणि वायरी बारीक बारीक कुरतडून त्याच्यात अंथरलेल्या. "ताई, शेजारचा ऊस तुटला का? उंदरं. फड मोडला की ती जाणार कुठं, घरात नाहीतर गाडीत. इंजिनाची ऊब असती." अख्खं वायरिंग गेलं होतं. पुण्याहून मागवावं लागणार होतं, आणि या गाडीचं हे इंजिन कंपनीने बनवायचं बंद केलेलं, त्यामुळे कधी मिळेल सांगता येत नव्हतं. त्याने गाडी ओढून नेली. जागेवर चाकांच्या चार खुणा आणि थोडं ऑइल राहिलं.

मी बारामतीहून टॅक्सी बोलावली, अनोळखी माणसाची, गावातलं कुणी नको म्हणून. आई उठली नाही.

"आई, गाडी दुरुस्त होतीय."

"चालती हाय तवर म्हणले हुते. बसली न्हवं?"

"उंदरांनी वायर खाल्ली म्हणून तू—"

"कबूल केलतंस तू," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

शनिवारी अॅम्ब्युलन्स आणली. आलेल्या माणसांना तिने चहा करायला लावला मला, आणि त्यांना म्हणाली, "बाबांनू, चहा घ्या अन् जावा. मला न्यायचं न्हाय कुणी." त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पेशंट शुद्धीत आहे, नाही म्हणते, तर मी काय करू. तुम्ही समजवा.

त्या दिवसांत आबासाहेबांच्या मंडळी, छबूबाई, पालेभाजी घेऊन आल्या. आईला पालेभाजी चालत नसे, ते त्या विसरल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी गाडीचं विचारलं. मी उंदरांचं सांगितलं.

"अगं बया! मग वस्तीतल्या विहाराम्होरं का न्हाय लावलीस? तुझा बाप टोळी आली रं आली की गाडी तितं नेऊन लावायचा. पाचट पेटून राख थंड झाल्याबगर आणायचा न्हाय. आमच्या ह्यास्नी चिडवायचा, आबासाहेब, तुमच्या उंदरास्नी गाडीचा लय शौक. म्हायती न्हवतं तुला?"

"नव्हतं."

"तुझ्या आईला हाय की म्हायती. तीच तर मागं सांगत हुती..." छबूबाई थांबल्या. आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांची नजर गेली. पदर सारखा करून त्या उठल्या. "येते गं. भाजी निवडून ठेव."

मी भाजी निवडली. सगळी जुडी निवडली, देठ बारीक चिरले, आणि मग करायची कुणासाठी ते सुचेना. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला ते तिच्या तोंडून नको होतं. मी सुयोगला फोन करत राहिले. सकाळी, दुपारी, कॉलेजच्या मधल्या सुटीत. तो म्हणायचा, "ताई, पार्सल निघालंय." त्याला एकदा मी म्हणाले, लवकर कर, माझी आई मरतेय. तो म्हणाला, "मी स्वतः पुण्याला जातो."

तो गेला आणि घेऊन आला. गाडी चालू झाली. मी ती कळसला घेऊन आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई पलंगावर बसून होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. पावलं सुजून चपलेत जात नव्हती. इंजिनाचा आवाज तिला ओळखू आला असावा.

"आली व्हय?"

"आली. चल. आत्ता निघालं तर घेतील. मी बोलून ठेवलंय."

ती उठली. मला वाटलं, झालं. मी तिच्या कमरेत हात घातला. दारापर्यंत यायला आम्हाला फार वेळ लागला. तिने पाठ लावली, टेकली, मी पाय उचलून आत ठेवले. डोक्याखालून हात काढताना तिचा श्वास माझ्या मानेवर लागला, अमोनियाच्या वासाचा.

फाट्यावर बारामतीकडे वळणार तेवढ्यात ती मागून म्हणाली, "तिकडं न्हाय. वस्तीत घे."

"आई."

"घे, रश्मे. वढायचं न्हाय म्हणालो हुतो आपण."

मी घेतली. विहाराच्या पुढे सिमेंटचं मोकळं अंगण आहे, कडेला पंचशील ध्वजाचा खांब. आसपास शेत नाही. भिंतीच्या कडेला तिने बोटाने दाखवलं तिथे मी गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. आतून कुणीतरी संध्याकाळच्या वंदनेसाठी सतरंजी झटकत होतं.

"हितं लावायचे," आई म्हणाली. "ऊस तुटला की."

"छबूबाईंनी सांगितलं."

"मला वाटलंच ती सांगंल." थोडं थांबून, श्वास घेऊन, "इसरले न्हवते मी. न्हाय सांगितलं."

मी आरशात बघितलं नाही. स्टेअरिंगवर आण्णांच्या हातांनी एका जागी रंग गेला आहे. मी तिथे बघत होते.

"का?"

"तू लय बघायलीस गाडीला," ती म्हणाली. "ती काय आपुआप बसली नसती."

मी किल्ली पुन्हा फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. सुयोगने काम चांगलं केलं होतं. आईने डोळे मिटले होते. मी गाडी तशीच चालू ठेवली, आत वंदना सुरू होऊन संपेपर्यंत, आणि मग तिला घरी घेऊन आले.

ती त्यानंतर तीन दिवस होती. शेवटच्या दिवशी ती आण्णांशी बोलत होती, ट्रॉलीच्या पुढं काढा म्हणत होती.

गाडी अजून माझ्याकडे आहे. मंगळवारी आणि शनिवारी मी कॉलेजात पूर्ण वेळ असते. रविवारी सुयोगने सांगितलं म्हणून हायवेला जाते, इंदापूरला चहा घेते, परत येते. मागच्या सीटवरची साडी धुऊन पुन्हा तिथेच टाकली आहे. यंदा आबासाहेबांच्या त्याच उसाला फुटलेला खोडवा तुटायला आला. परवा कोप्या उभ्या राहताना दिसल्या तशी मी किल्ली घेतली आणि गाडी विहाराकडे नेली. भिंतीच्या कडेला लावली. चारी दारं लागली का ते ओढून बघितलं आणि चालत घरी निघाले. वाटेत छबूबाई भेटल्या.

"लावलीस व्हय गाडी?"

"लावली."

"बरं केलंस, बाय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी थोडा वेळ कोयत्यांना धार लावण्याचा आवाज ऐकत उभ्या राहिलो.