रुख्माबाईची रिकामी जागा

मित्रांनो, गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथल्या चर्चमागच्या खोलीत जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, भात शिजवायचा एक काळा, मोठा गंज पालथा ठेवलेला दिसेल. तो मीच. माझा एक कान निखळला आहे आणि बुडाला पोचे आले आहेत. माझं वय कोणी विचारत नाही, पण ज्यांनी मला बैलबंडीतून इथे आणलं त्यांच्यापैकी आज एकही हयात नाही.

मला आणलं ते कापणीच्या सणासाठी. धान घरात आलं की चर्चची मंडळी एका रविवारी देवाचे उपकार मानते आणि उपासनेनंतर सगळे एका पंगतीला जेवतात. त्या जेवणाचे तांदूळ विकत आणायचे नाहीत, प्रत्येक घरानं आपले आणायचे, अशी इथली रीत होती. आता सांगा, जाडे आणि बारीक तांदूळ एकत्र शिजतील कसे? बारकाचा गोळा होईल आणि जाडा कच्चा राहील. पण या जेवणाचा स्वयंपाक सांभाळणारी मुन्नीबाई मोठी हुशार. ती दारातच दोन टोपल्या मांडायची. आधी जाडे तांदूळ माझ्यात सोडायची, ते अर्धे शिजले की वरून बारीक. मग झाकण. वाफ बसली की कोणाचा दाणा कोणता, हे मलाही ओळखता येत नसे.

रुख्माबाई राशनचे जाडे तांदूळ आणायची, पदराच्या टोकात बांधून. ती पलीकडच्या गावात एकटी राहणारी विधवा बाई होती, लेक दुर्गला सासरी; दुसऱ्यांच्या शेतात रोवणी-कापणी करायची. जेवणं झाली की मला राखेनं घासायचं काम तिचं. दुसऱ्या कोणी हात लावला तर म्हणायची, "सरक वं, तुले नाही जमत. बुडाचं काळं तसंच ठेवतेस." सगळ्या बाया हसायच्या आणि मी लख्ख व्हायचो.

गेल्या वर्षी चुन्नीलाल मंडळीचे सेक्रेटरी झाले. माणूस चांगला, धावपळ करणारा. गोंदियाहून पाहुणे येणार म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा केटरर बोलवायचा. सगळ्यांना तसं सांगितलंही. रुख्माबाई मात्र चिचगडकडे कापणीला गेली होती, तिला निरोप मिळालाच नाही. सणाच्या सकाळी ती पदराची गाठ धरून दारात आली.

"रुख्माबाई, यंदा कोणाचेच तांदूळ घ्याचे नाही," चुन्नीलाल म्हणाले. "तुम्ही आरामात बसा. जेवण तयार आहे."

"मंग मी करू काय?"

"काही नाही करायचं. तुम्हाले कायले तकलीफ?"

"मी पावणी आहो का गा इथं?"

"पावणीच समजा एक दिवस!" चुन्नीलाल हसले. त्यांना वाटलं, आपण बाईचे कष्ट वाचवले.

ती उपासनेला बसली. पंगतीला मात्र बसली नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "रुख्मा दिसत नाही?" "कामाले गेली असन." "पाळक साहेब जाऊन आले असतील." पाळकांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, वाटलं, बाया जाऊन आल्या असतील. असं करत नाताळही होऊन गेला.

फेब्रुवारीत मुन्नीबाई एकदाची रुख्माबाईच्या गावी गेली. परत आली ती थेट मागच्या खोलीत येऊन जमिनीवर बसली. चुन्नीलाल तिथेच सतरंज्या मोजत होते.

"भेटली का?" त्यांनी विचारलं.

"कुलूप आहे. महिनाभर खाटेवर होती ते. शेजारची शकुंतलाबाई पेज नेऊन देत होती."

"मले कोणी सांगतलं नाही."

"मलेही नाही सांगतलं. पण आपण विचारलं का? शकुंतलाबाई सांगे, रविवार आला का ते खाट दारात ओढाले लावे. चर्चचं कोणी येऊन राहिलं का, म्हणून रस्त्याकडे पाहत राहे."

"आता कुठं आहे?"

"पोरीनं दुर्गले नेली. तिथंच वारली. मातीलेही आपण नव्हतो, भाऊ."

चुन्नीलाल सतरंजीवरच बसले. "मी त तिच्या भल्यासाठीच बोललो होतो," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, त्या दोघांना वाईट म्हणू नका. त्यांनी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण मंडळी भिंतींची नसते. एकमेकांवाचून ज्यांचं अडतं, त्यांची ती असते. "तुमच्यावाचून आमचं अडत नाही," हे कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी ऐकणारा उठून जातो.

म्हणून येत्या रविवारी गाणं सुरू होण्याआधी एकदा मागे वळून बघा. कोणाची जागा रिकामी आहे? दुसरा कोणी गेला असेल, असं म्हणू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी जा. मी भांडं आहे, मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.