तांदळावर शिकलेली नजर

मार्चमध्ये वीरण्णांच्या वसतिगृहातल्या एका मुलीच्या दाढेचा टवका उडाला. वरणात खडा होता. वीरण्णा त्या वसतिगृहाचे व्यवस्थापक, मूळचे निलंग्याकडचे. आवाज चढवणं त्यांना जमत नाही. मेसच्या दारात उभं राहून ते माझ्या मावशीला एवढंच म्हणाले, "मावशी, जूनमध्ये नवीन पालक येतील. रीतीप्रमाणं तुमच्याकडं जेवतील. त्या दिवशी पुन्हा खडा लागला तर पोरी दुसरीकडं न्याव्या लागतील मला."

मावशीचं नाव महानंदा. लातुरात क्लासेसच्या गल्लीमागं तिची मेस आहे आणि जेवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली वीरण्णांच्या. त्या गेल्या तर मेस चालणार नाही. रीत अशी, की दहावीचा निकाल लागला की पालक मुलांना घेऊन येतात, क्लास बघतात, खोली बघतात आणि मेसमध्ये मुलांसोबत एक वेळ जेवतात. त्या दिवसांत मावशी दारातच सूप घेऊन निवडत बसते. मेसला पाटी नाही. "मावशी स्वतः निवडतात" हे पालकच एकमेकांना सांगतात. ही ख्याती भूकंपापासूनची. किल्लारीकडचं तिचं गाव पडल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये मदतीचं धान्य यायचं, त्यात माती आणि खडे फार. शेजारच्या बायका आपापला वाटा तिच्यापुढं आणून ठेवायच्या. तेव्हा ती पंचविशीत होती. आता पन्नाशी उलटली आहे.

मी अंबरीश, तिचा भाचा. नांदेडला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इथल्या एका क्लासमध्ये विद्यार्थ्यांच्या शंका सोडवायला बसतो. राहतो आणि जेवतो मावशीकडंच.

तिच्याकडं चष्मा होता. नेत्रशिबिरात नंबर काढून दिलेला, कपाटात, डबीतून न काढलेला.

"लाव ना तो," मी म्हणालो.

"दारात चष्मा लावून बसू? पालक म्हणतील, म्हातारीला दिसंना झालंय, हिच्या हातचं कामून खावं?"

"आणि न लावता खडा निघाला तर?"

"म्हणूनच तुला विचारायलेय. एवढं शिकलास. बिगर चष्म्याचं काही असंल तर सांग."

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या वस्तूवर नेमकं बसत नाही, आणि पडद्यावर पुसट चित्र पडतं. ते भिंग पुन्हा मऊ करणारा व्यायाम नाही. पण बघण्याचं अर्धं काम मेंदू करतो. पुसट चित्रातून आकार वेगळा काढायचा सराव मेंदूला देता येतो, आणि अशा सरावानंतर काही प्रौढ माणसं पूर्वीपेक्षा बारीक अक्षर वाचू लागली, डोळा मात्र होता तसाच राहिला, असं मी वाचलं होतं. हे मी मावशीला जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे पोरांचं गिचमीड अक्षर वाचायची मास्तरला सवय होती, तसं," ती म्हणाली.

"हो, जवळपास तसंच."

फोनवर त्या सरावाचं अ‍ॅप मिळालं. राखाडी पडदा दोनदा लकाकतो, त्यातल्या एकाच वेळी पुसट पट्टे क्षणभर चमकतात आणि ते पहिल्या वेळी दिसले की दुसऱ्या वेळी, ते सांगायचं. दुपारची भांडी झाली की मावशी भिंतीला टेकून बसायची. पोळ्या लाटणारी अयोध्या शेजारी. तीही मावशीच्याच वयाची.

"काय दिसायलंय गं?" अयोध्या विचारायची.

"काहीच न्हाई. धुरळा."

"मग बोटं कामून दाबायलीस?"

"धुरळ्यात काहीतरी हाय म्हणून."

फरक पडतो का, हे मोजायला हवं होतं. भात दोन्ही वेळा लागतो, म्हणून तांदळाचं ताट घेतलं. त्यात मी पांढुरके खडे मिसळायचो आणि ती चष्म्याशिवाय वेचायची. सुरुवातीला बरेच सुटले. एप्रिल संपेपर्यंत क्वचित एखादा सुटू लागला. मेमध्ये तर ताटावर बोट फिरवायच्या आधीच ती म्हणायची, "तिकडं दोन हायेत." वर्तमानपत्रातल्या बातम्याही पूर्वीपेक्षा थोड्या जवळून वाचता येऊ लागल्या. मी खूश होतो. मावशीनं गल्लीत सांगून टाकलं, की भाच्यानं डोळे दुरुस्त केले.

वीरण्णांनी पालकांचा दिवस कळवला. त्याच्या आदल्या दुपारी क्लासमध्ये एक मुलगा माझ्याकडं गणित घेऊन आला. उतारावरून घरंगळणारं चाक. अशी गणितं त्यानं शेकड्यानं सोडवली होती, सराव परीक्षेत पूर्ण गुण होते. या आकृतीत उतार नेहमीच्या उलट, डावीकडं काढला होता. मुलगा म्हणाला, "सर, हा टाइप आपण घेतलाच नाही."

"अरे, तेच चाक आहे," मी म्हणालो. त्याला समजावून झालं आणि मी शंकेच्या टेबलावरून तसाच उठून घरी आलो.

वरणात खडा निघाला होता, आणि मी दोन महिने तांदूळ मोजत होतो.

आमची तुरीची डाळ आडतीवरून पोत्यानं येते, सुटी, आणि तिच्यातले खडे डाळीच्याच रंगाचे असतात, पिवळट-तांबूस. मी ताटभर डाळीत तसे खडे मिसळून मावशीपुढं ठेवले. तिनं नेहमीसारखा हात फिरवला, काही वेचले आणि ताट सरकवलं. "झालं."

मी उरलेले वेचून तिच्या तळहातावर ठेवले. वेचलेल्यांपेक्षा ते जास्त होते.

मावशीनं ते खडे बोटानं चाळवले. "तूच म्हणालास डोळे सुधारले."

"तांदळापुरते सुधारले. पांढऱ्यात पांढरं शोधायचं मेंदू शिकला. डाळीचं ताट मी त्याला दिलंच नाही. असा सराव बऱ्याचदा ज्या गोष्टीवर केला तिलाच चिकटून राहतो. मला हे आधी सुचायला हवं होतं."

"मग आता डाळीचं ताट दे."

"उद्या लोक जेवायला येणार आहेत, मावशी. हे आठवड्यांचं काम आहे."

"अयोध्याला निवडू दे आत बसून. मी दारात तांदूळ घेऊन बसते. कुणाला काय कळतंय?"

अयोध्या पोळपाटावरून म्हणाली, "माझ्या भरवशावर राहू नको बाई. मला सुईत दोरा दिसंना, ह्यो खडा काय दिसणार?"

मावशी चिडली. माझ्यावर, अ‍ॅपवर, अयोध्यावरही. "गल्लीत सांगून बसलेय मी. उद्या चष्मा लावून बसले तर हासतील."

"हसू देत. कुणाची दाढ तर तुटणार नाही."

संध्याकाळचा स्वयंपाक तिनं भांडी आपटत उरकला.

सकाळी मी बाहेर आलो तेव्हा ती दारात बसली होती. मांडीवर सूप, सुपात डाळ, नाकावर चष्मा. शिबिरातल्या चष्म्याची काडी एका बाजूला सैल होती, म्हणून तिनं मागं दोरा बांधला होता. समोरचा झेरॉक्सवाला म्हणालाच, "मावशी, भाच्यानं दुरुस्त केलेल्या डोळ्यांचं काय झालं?"

"दुकानाकडं बघ तू," मावशी वर न बघता म्हणाली.

दुपारी वीरण्णा पालकांना घेऊन आले. सगळ्यात पुढं देवणीचे शिवशंकर, त्यांची बायको सिंधु आणि त्यांची मुलगी. सिंधुताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दारातच थांबून त्यांनी सुपाकडं बघितलं आणि मग चष्म्याकडं.

"आम्ही तर ऐकलं होतं, मावशींची नजर लई तेज हाय."

वीरण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात मावशीनंच चष्मा कपाळावर सरकवला.

"तांदळातला खडा बिगर चष्म्याचा दिसतो मला. डाळीतला दिसत न्हाई. काल बघून घेतलं. म्हणून डाळीला चष्मा."

"काल बघितलं? आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी एका पोरीची दाढ गेली."

वीरण्णांनी डोळे मिटून घेतले. शिवशंकर बायकोला म्हणाले, "चल, दुसरीकडं बघू." त्या हलल्या नाहीत. खाली उकिडव्या बसल्या, पर्समधून स्वतःचा चष्मा काढला आणि सुपातली डाळ मूठ मूठ घेऊन तळहातावर पसरू लागल्या. मागचे पालक वाट बघत उभे. मावशी त्यांच्या बोटांकडं बघत होती. मीही. चार-पाच मुठी झाल्यावर त्यांनी डाळ परत सुपात टाकली आणि हात झटकले.

"न्हाई काही," त्या म्हणाल्या. "जेवून बघू."

सगळे पंगतीला बसले. वरण वाढलं. सिंधुताईंच्या मुलीनं पहिला घास घेतला आणि वीरण्णांचा हात ताटातच थांबला. मुलगी सावकाश चावत होती. दोन घास झाले, तीन झाले. मग तिनं वर बघितलं.

"मावशी, मीठ कमी आहे."

"मीठ वाढ गं अयोध्या, लवकर!" मावशी एवढ्या जोरात ओरडली, की पंगत हसायला लागली.

हात धुताना वीरण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी इथंच ठेवतो. पण दिवाळीपर्यंत दर आठवड्याला मी न सांगता येणार आणि डाळीत हात घालून बघणार. मावशीला सांग."

मी सांगितलं. मावशी चष्म्यावरची वाफ पदरानं पुसत होती.

"येऊ दे की," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी एक पान जास्तीचं वाढायचं, एवढंच ना?"