घंटेला विचारलेला शेवटचा प्रश्न

हॉलमध्ये बत्तीस खुर्च्या, त्यांवर सत्तेचाळीस माणसं, दोन पंखे आणि काचेच्या पेटीत एक पितळी घंटा होती. घंटेला दोरी नव्हती. पेटीखालच्या लाकडी बैठकीतून एक वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली होती. ती पेटीतल्या दिव्याची, असं सांगत.

"होय असेल तर घंटा वाजते, नाही असेल तर गप्प राहते," घंटाबाबा म्हणाले. "विचारा बाई, औषध हवं का?"

मावशीनं विचारलं. घंटा गप्प. मावशीनं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या.

भाचीचं डोकं फिरलं. ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास झाली होती आणि हे ती चहा मागतानाही सांगायची.

"आत सोलेनॉइड आहे, मावशी. तारेची गुंडाळी. वीज दिली की लोखंडी दांडा झटक्यात पुढे येतो नि घंटेवर आपटतो. बाबा खिशातल्या रिमोटचं बटण दाबतात. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाजवून दाखवते."

"दाखव. नाही वाजली तर पुन्हा गोळीचं नाव काढायचं नाही."

भाचीनं दुसरी घंटा आणली, सोलेनॉइड आणलं आणि गुंडाळी थेट मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे हुकूम सोडणाऱ्या इवल्या चिपच्या, पायाला जोडली. आधी घरी करून बघावं, हे तिला सुचलं नाही. पहिला वर्ग होता ना. भर हॉलमध्ये तिनं बटण दाबलं. घंटा ढिम्म. चिपचा मात्र जळका वास सुटला.

"पोरीला घंटेनं नाही म्हटलं," बाबा मायेनं म्हणाले. हॉल खदखदून हसला. मावशीही हसली, ते जास्त लागलं.

चिपचा पाय जेमतेम वीस मिलिअँपिअर देतो; त्या गुंडाळीला लागत होता एक अँपिअर, म्हणजे पन्नासपट. मध्ये ट्रान्झिस्टर हवा: चिपच्या चिमूटभर विजेवर तो मोठ्या विजेचा नळ उघडतो. शिवाय बंद होताना गुंडाळी उलटा फटका मारते, तो पचवायला डायोड हवा. हे भाचीनं परीक्षेत आकृतीसह लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

पुढच्या बैठकीत तिची घंटा ठणठणीत वाजली.

"हिची विजेवर वाजते, आमची कृपेवर," बाबा म्हणाले.

"मग दिवा विझला तरी चालेल की!" मावशी प्लगपाशीच बसली होती, तिनं तो उपटला. "सांग घंटे, तू आपणहून वाजतेस का?"

बाबांचा हात खिशात चाळवत राहिला. घंटा गप्प.

"नाही म्हणतेय," मागून कुणीतरी म्हणालं.

भाचीनं पेटीखालची लाकडी बैठक उलटी केली. आत गुंडाळी, दांडा, चिप, ट्रान्झिस्टर. डायोडसुद्धा, पहिल्या खेपेलाच नीट बसवल्यासारखा. भाचीला बाबांचा थोडा हेवा वाटला.

तिनं मोठं भाषण तयार केलं होतं. मावशीनं डोळे वटारल्यावर ते छोटं झालं. "चमत्कार दिसला की त्याला वीज कुठून येते ते बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, माझी जळकी चिप तुम्ही हुंगली आहे. स्वतः तपासा. आणि औषधाचं डॉक्टरांना विचारा."

घरी आल्यावर मावशीनं साखर तपासायला आपणहून बोट पुढे केलं. ३१२ भरली, हवी त्याच्या दुपटीहून जास्त.