मुद्दाम बाद

सॉफ्टबॉलच्या सामन्यात तेवीस-शून्य झालं, तेव्हा जिंकणाऱ्या संघाच्या बायका मुद्दाम बाद होऊ लागल्या. चेंडू फेकणारीच्या हातून सुटायच्या आतच त्या बेस सोडत. नियमाप्रमाणे अशी खेळाडू बाद, म्हणून अंपायर अनाहेराने दोघींना बाद दिलं.

न्यूझीलंडमधल्या वाईनुईओमाता गावच्या त्या मैदानावर हरणाऱ्यांची कप्तान फेतू तरातरा पुढे आली. "अनाहेरा, ही भीक नकोय आम्हाला. नीट खेळायला सांग त्यांना."

"मग काय पन्नास करू?" जिंकणाऱ्यांची कप्तान रोइमाता तिसऱ्या बेसवरून कळवळून म्हणाली.

अनाहेराला दोघींचंही पटलं. पुढच्याच चेंडूला रोइमातानेच तिसरा बेस लवकर सोडला. अनाहेराने तिला बाद दिलं नाही. फटका बसला, तरी रोइमाता मध्येच थबकली.

"अगं, मी बाद ना?"

"मला दिसलं नाही," अनाहेरा म्हणाली.

फेतूने टाळ्या वाजवल्या. रोइमाता धाव पुरी करून आली आणि पुटपुटली, "अंपायरच खोटं बोलायला लागली."

सामना संपल्यावर सगळ्यांनी अनाहेराशी हात मिळवले. ती अंपायरचा जाळीचा मुखवटा काढून गाडीपाशी कितीतरी वेळ उभी होती. लबाडी नेमकी कुणी केली, हे तिला काही केल्या उमगेना.