नवस आणि उकडलेलं अंडं

सुधाताईंच्या स्वयंपाकघरात मटण शिजलं नाही असा रविवार ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत कुणी पाहिला नव्हता. पण त्यांच्या मुलाला, संग्रामसिंहाला, रक्ताचं दुखणं जडलं. दिल्लीत त्याला बहिणीच्या मूळपेशी चढवल्या, त्याच दिवशी सुधाताई देवीला नवस बोलल्या: पोरगा खडखडीत बरा होईपर्यंत घरात मटण-अंडं शिजणार नाही. देवी स्वतः बोकडाचा नैवेद्य घेते, हे त्यांना सांगायची कुणाची छाती होती?

ग्वाल्हेरला परतल्यावर पथ्य सुरू झालं. सुधाताईंच्या मते आजाऱ्याला डाळ जड, म्हणून वरचं पाणी त्याला आणि खालचा गाळ बाकीच्यांना. दूध त्याच्या पोटात ठरेना. बाहेरचं खायला तर सक्त मनाई. संग्रामसिंह वाळत चालला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही वर येईनात.

जयेंद्रगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी हे पथ्य ऐकून कपाळाला हात लावला.

"माँजी, बीज तो जम गया, अब उसे खुराक कौन देगा?"

मग त्यांनी नीट समजावलं. डाळ, अंडं, मटण पचलं की त्यातून अमिनो आम्लं मिळतात. त्यांतली काही शरीराला स्वतः करताच येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. मूळपेशींना नवं रक्त घडवायला ती हवीत. आणि बहिणीकडून आलेल्या लढाऊ पेशींना या परक्या घरात कुणाशी लढायचं, कुणाशी नाही, हे भान राखायलाही ती हवीत. एकट्या अंड्यानं सगळं होईल असं नाही, पण उपाशी ठेवून काहीच होणार नाही.

"दाल गाढ़ी दीजिए। और अंडा, घर में पूरा उबला हुआ।"

रस्ताभर सुधाताईंच्या मनात एकच घोळत होतं. नवस मोडला आणि पोराला काही झालं तर? तरी घरी येऊन त्यांनीच अंडी उकडली. सून नीलम पुढे झाली, तिला हात लावू दिला नाही. पाप लागायचं ते एकीलाच लागू दे.

संग्रामसिंहानं ताटली बाजूला सारली.

"नको, आईसाहेब. तुमचा नवस आहे."

"खा मुकाट्यानं. नखरे नकोत."

"नखरे नाही करत आहे. कल को मला काही झालं, तर तुम्ही उम्रभर म्हणाल, मी अंडं चारलं म्हणून गेला. ते मला नको आहे."

सुधाताई ताटली उचलून पलंगावर बसल्या. पोरगा भूक मारत होता, आणि तीही आईसाठी! त्यांना रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"आणि न खाता गेलास तर? मग मी रोज देवीला दोष देईन. इतकी वर्षं तिच्यापुढे दिवा लावला, तिच्यावर असला आळ येऊ देऊ? नवस मी बोलले, मीच मोडला. भोगायचं ते मी भोगीन, तिला कशाला बदनाम करतोस? तोंड उघड."

त्यानं तोंड उघडलं. अर्धं अंडं सावकाश चावून गिळलं.

"आईसाहेब, नमक कम आहे."

सुधाताई डोळे पुसत मीठ आणायला उठल्या.