बॉनेटची कटकट

माझा भाऊ तैस्तो. वय एकसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दोन रविवार तो बेकरीतल्या लेम्पीला आपल्या जुन्या गाडीतून तळ्याकाठच्या नाचाला घेऊन गेला. दोन्ही वेळा वाटेत त्यानं लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा बॉनेट असं खडखडलं, की ती म्हणाली, "काय?" आणि आमचे शूरवीर म्हणाले, "काही नाही!"

"ताई, या रविवारी शेवटचा नाच. मग थेट मे महिन्यात. बॉनेटचं काहीतरी कर," शुक्रवारी तो माझ्या दारात. तीस वर्षं मी गॅरेजात पत्रे ठोकलेत ना!

"बॉनेटचं करते. तुझ्या तोंडाचं कोण करणार?"

वरचा पत्रा आतल्या चौकटीला धरून ठेवणारा गोंद वाळून कडक झाला होता, जागोजागी सुटला होता. मी तो खरवडला, नवा घातला, तोही बेतानं. जास्त झाला की वाळताना पत्रा आत ओढतो. वर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवल्या. पण सप्टेंबरातल्या गारठ्यात गोंद धरतोय कसला! मग बॉनेट आमच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बाकावर आडवं ठेवलं. शेगडी मंद पेटवली आणि तैस्तोला बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही!"

शनिवारी दुपारी सौनातून चर्रर्र आवाज आला. धावले. महाशय उघडेबंब, डोक्यावर लोकरीची टोपी, बॉनेटशेजारी बसलेले. शेगडीत लाकडं ठासलेली आणि तापल्या दगडांवर ओगराळ्यानं पाणी मारणं चाललेलं!

"शनिवारी सौना ठरलेलाच ना गं... पाय आपोआप वळले."

"अरे गाढवा! ओल्या गोंदावर वाफ?"

उजवा कोपरा सुटलाच. पुन्हा करायला वेळ नव्हता. तो टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला. नऊ वर्षं एकट्यानं जेवलेला माणूस! मी शिव्या गिळल्या आणि बॉनेट तसंच गाडीवर चढवून दिलं.

सोमवारी पाव आणायच्या निमित्तानं बेकरीत गेले.

"वाजलं का गं बॉनेट?" मी भीतभीतच विचारलं.

"वाजलं की! तो इतका वैतागला, की गाडी कडेला घेऊन बंदच केली. उतरला, कोपरा हातानं दाबून धरला आणि तिथूनच ओरडून विचारलं."

"मग?"

"हो म्हटलं." लेम्पीनं पिठाचे हात झटकले. "आणि म्हटलं, तैस्तो, गाडी थांबवायला तुला तीन रविवार लागले?"